भाकर शिकवणारीचं शुल्क

थायलंडमधल्या चियांग माईला फिरायला गेलेला मराठी माणूस आता नुसती देवळं आणि बाजार बघून परतत नाही. सकाळी एखाद्या बाईबरोबर मंडईत जायचं, गवती चहा आणि गलांगल ओळखायला शिकायचं, मग तिच्या घरी खलबत्त्यात मिरची कुटून करीचं वाटण करायचं आणि आपण रांधलेलं आपणच जेवायचं, असा अर्धा दिवस तो सहलीत मुद्दाम राखून ठेवतो. व्हिएतनाममधल्या होई आनला आणि मेक्सिकोतल्या वाहाकालाही हेच चालतं. इटलीतल्या बोलोन्या शहरात २००४ साली सुरू झालेलं चेझारिने हे घरगुती स्वयंपाकिणींचं जाळं तर पाहुण्याला थेट घराच्या ओट्याशी उभं करतं. या अर्ध्या दिवसाचे पैसे साध्या जेवणाच्या कितीतरी पट असतात, आणि ते देताना कोणी घासाघीस करत नाही. आपण ताटाचे नाही, शिकवणीचे पैसे देतोय हे देणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. तोच माणूस समृद्धी महामार्गाने वाशिम जिल्ह्यातून जातो तेव्हा मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजासारख्या गावात भाकर थापणारी बाई त्याच्या लेखी काही शिकवू शकणारी नसते. ती 'घरचं काम' करत असते. माझं म्हणणं असं, की किन्हीराजासारख्या गावात पर्यटनाची सुरुवात या बाईच्या स्वयंपाकघरातल्या शिकवणीने व्हावी, आणि तिथे जे पैसे मोजले जातील ते शिक्षिकेचं शुल्क म्हणून तिच्याच हातात पडावेत.

किन्हीराजाच का? कारण पर्यटनाच्या नेहमीच्या यादीत बसेल असं त्या गावात काही नाही, आणि महाराष्ट्रातली बहुसंख्य गावं अशीच आहेत. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. २०१८ साली केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी काढली तेव्हा राज्यातल्या चार जिल्ह्यांत गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबादबरोबर वाशिमचं नाव होतं. आकांक्षित म्हणजे सरकारी सभ्य भाषेत मागास. पण या मुलखातून माणसं जात नाहीत असं अजिबात नाही. मालेगाव तालुक्यातच शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचं जैन तीर्थ आहे. कारंजा नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला देशभरातून बंजारा समाज येतो. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारचं विवर आहे, २०२० पासून रामसर यादीत असलेलं. ५ जून २०२५ पासून नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला, आणि तो या जिल्ह्याच्या कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव तालुक्यांतून जातो. मात्र जुन्या रस्त्यावरची गाडी चहाला थांबायची. नव्या रस्त्याला दोन्हीकडून कुंपण आहे, उतरायच्या जागा ठरलेल्या आहेत. आता गावात माणूस यायचा तो ठरवूनच येणार. तर त्याने ठरवावं असं गावाकडे काय आहे, हा प्रश्न आहे.

उत्तर परातीत आहे. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा लवचिकपणा नसतो, त्यामुळे ते लाटता येत नाही, थापावं लागतं. पीठ ताजं असेल तर कोमट पाण्यात मळलं जातं. दळून आठ-दहा दिवस झाले की त्याची विरी जाते, भाकर कडेने फाटायला लागते, आणि मग उकळतं पाणी घालून पिठाला चिकटपणा आणावा लागतो. किती जुन्या पिठाला किती गरम पाणी, हे कुठल्याच मापात सांगता येत नाही. पीठ तळहाताच्या टाचेने रगडताना ते बोटांना सांगतं. थापताना एका हाताची बोटं दाबतात, दुसरा हात कड सांभाळतो, भाकर परातीत आपोआप फिरत राहते. तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकायच्या आत उलटायची. पाणी जास्त सुकलं की तडे जातात, ओलं राहिलं की तव्याला चिकटते. मग तवा काढून विस्तवावर ती टम्म फुगते, किंवा फुगत नाही. न फुगलेली भाकर पाहून शिकवणारी लगेच सांगते की चूक मळण्यात झाली, थापण्यात की उलटण्यात. व्हिडिओला हे जमत नाही, कारण शिकणाऱ्याच्या परातीत काय चाललंय ते व्हिडिओला दिसत नसतं. चूक पाहून तिचं कारण ओळखणं हे शिक्षकाचं काम. किन्हीराजातली बाई ते काम आपल्या मुलीच्या आणि सुनेच्या बाबतीत वर्षानुवर्षं करत आली आहे, फक्त त्याला शिक्षण असं नाव कोणी दिलं नाही.

नाव न मिळण्याचं एक कारण आपल्या पुस्तकांत सापडतं. मराठीत पाककृती छापण्याची परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ चं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१० चं, आणि १९७० साली आलेलं कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' तर घराघरांत पोचलं. ही पुस्तकं मोठीच आहेत, त्यांचे उपकार मराठी घरांवर आहेत. पण त्यांचा वावर मुख्यतः पश्चिम महाराष्ट्राच्या आणि मुंबईच्या मध्यमवर्गीय ओट्यावर. वऱ्हाडातली कळण्याची भाकर, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुणके, पातोड्यांचा रस्सा, लग्नसराईत काडीवर वळायचे सरगुंडे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले रोडगे, हे सगळं राहिलं ते हातांत. रोडगा पाहण्यासारखा असतो. जाडसर दळलेल्या कणकेच्या पोळ्या तेल लावून एकात एक ठेवायच्या, गोळ्यासारख्या मिटायच्या, निखाऱ्यांत पुरायच्या, उलटसुलट करून काढल्या की फडक्याने राख पुसायची, आणि फोडून तूप ओतायचं. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. नवसाच्या जेवणावळीला शेतातल्या देवापाशी शेकड्यांनी रोडगे होतात, पण त्याचं लिखित शास्त्र म्हणावं असं फारसं काही नाही. त्यात वऱ्हाडाचं पीकच बदललं. ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, आणि सोयाबीन घरात खायला ठेवायचं पीक नव्हे, ते बाजारात जातं. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष जाहीर केलं, त्याच काळात ज्वारीच्या मुलखात ज्वारी विकत आणायची वेळ आलेली होती. ज्या घरात ज्वारी पिकत नाही तिथल्या मुलीला विरी गेलेलं पीठ कसं ओळखायचं हे शिकायचं कारणच उरत नाही. बाहेरून कोणी पैसे देऊन शिकायला आलं तर ते कारण पुन्हा तयार होतं. एवढ्याने पेरा वाढेल असा दावा मी करणार नाही, पण घरापुरत्या चार ओळी ज्वारीच्या टाकाव्यात असं वाटायला मदत नक्की होईल.

पहिला आक्षेप आपल्या मनातूनच येतो. दारी आलेल्याला जेवू घालणं हा आपल्याकडे धर्म आहे, त्याचे पैसे कसे घ्यायचे? ही भावना खोटी नाही. विदर्भातल्या गावात अनोळखी माणसालाही 'जेवून जा' म्हणतात आणि ते मनापासून म्हणतात. पण या भावनेचा हिशोब नेहमी बाईच्या श्रमातून चुकता झाला, हेही तितकंच खरं आहे. मुंबईच्या गिरणगावात हजारो बायका गिरणी कामगारांना डबे करून घालत होत्या, महिनोन् महिने उधारीवर, सावकाराचं व्याज भरत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्या खाणावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, आणि राष्ट्रीयीकृत बँकांकडून त्यांना कर्ज मिळवून दिलं. तारण ठेवायला त्या बायकांकडे काही नव्हतं, होता तो हातातला स्वयंपाक. त्याआधी १९५९ साली गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला होता. पैसे घेतल्याने त्या बायकांचं अन्नपूर्णापण कमी झालं असं कोणी म्हणणार नाही. शिकवणीत तर पाहुणचार विकलाच जात नाही. पाहुणा स्वतः पीठ मळतो, स्वतः वांगी चिरतो, आणि जाताना एक कसब घेऊन जातो. आलेल्याला चहा फुकट द्यावा, जेवायलाही घालावं. शिकवण्याचा मोबदला मात्र घ्यावा.

किती घ्यावा, याचा अंदाज करून पाहू. समजा एका वेळी सहा जण आले आणि प्रत्येकी आठशे रुपये धरले, तर चार हजार आठशे होतात. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजारात तेवढाही मिळत नाही म्हणून शेतकरी ओरडत होते. म्हणजे सामानाचा खर्च वजा जाता एका दुपारची शिकवण आणि पेरणीपासून मळणीपर्यंतच्या कष्टांतून आलेलं एक क्विंटल सोयाबीन, ही तुलना करण्याजोगी गोष्ट आहे. महिन्याला अशा दोनच दुपारी मिळाल्या तरी घरातल्या किराणा-शाळेच्या खर्चाला हातभार लागतो. इथे सरकारी धोरणाची एक अडचण मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. महाराष्ट्राने २०२० साली कृषी पर्यटन धोरण आणलं, ते चांगलं पाऊल होतं. पण त्याची पात्रता शेतीपासून सुरू होते, शेतकऱ्याकडे किमान एक एकर हवी. सातबाऱ्यावर नाव बहुतेक घरांत पुरुषाचं असतं. म्हणजे शिकवणार बाई आणि केंद्र नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेऊन बायकांच्या नावावर जमीन करायला सांगितलं होतं, ते काम अर्धवटच राहिलं. आणि भूमिहीन घरातल्या बाईचं काय? तिच्या हातची भाकर एकरात मोजायची का? २०२३ च्या 'आई' या महिला पर्यटन धोरणात पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा आहे, त्याचा उपयोग होईल, पण स्वयंपाक शिकवणाऱ्या बाईला पंधरा लाखांचं कर्ज नको असतं. तिला नोंदणी हवी, ओळख हवी, एखादा स्वच्छ ओटा, प्यायचं खात्रीचं पाणी आणि पाहुण्यांसाठी संडास हवा. अन्नसुरक्षा कायद्यात छोट्या अन्न व्यावसायिकाला पूर्ण परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते, त्यामुळे त्याचा बाऊ करण्याचं कारण नाही. जमिनीची अट नसलेली, कौशल्यावर आधारलेली एक वेगळी नोंदणी पर्यटन विभागाने सुरू करावी, एवढं केलं तरी बरंच होईल.

दुसरा आक्षेप बायकांकडून येईल, आणि तो जास्त मोलाचा आहे. शेतात निंदण, घरी धुणीभांडी, त्यात आता शहरातल्या लोकांची शिकवणी, म्हणजे आमच्याच डोक्यावर आणखी एक घागर. खरं आहे. म्हणून ही शिकवण कोणावर लादता कामा नये. बचतगटातल्या ज्यांना हौस आहे, वेळ आहे, त्यांनीच ती घ्यावी, आणि एका घरावर भार येऊ नये म्हणून आळीपाळीने घ्यावी. चुलीचाही प्रश्न आहे. हायवेवर 'चुलीवरचं' अशा पाट्या दिसतात, आणि शहरातून येणाऱ्याला धुराचा वास म्हणजे अस्सलपणा वाटतो. त्या धुरात आयुष्य काढलेल्या बाईचे डोळे आणि छाती त्याला दिसत नाहीत. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, घरात गॅस आला, तो कोपऱ्यात ढकलून पाहुण्यासाठी पुन्हा चूल पेटवायला लावणं हा अन्याय होईल. रोडगे गोवऱ्यांतच व्हायचे, ते उघड्या शेतात होतात, ठीक. भाकर मात्र गॅसवरही उत्तम होते. अस्सल काय ते शिकवणारीने ठरवायचं.

आता सर्वांत अवघड गोष्ट. वऱ्हाडी स्वयंपाक शिकवायचा म्हणजे कोणाच्या घरचा? शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहून मराठवाड्यातल्या दलित घरांतल्या अन्नाची नोंद केली, २०२४ मध्ये ते इंग्रजीतही आलं. तुपातेलाशिवाय, दुधादह्याशिवाय, वाट्याला आलेल्या मांसावर आणि रानभाज्यांवर माणसांनी चव कशी उभी केली, हे त्यात आहे. मराठी पाकपुस्तकांच्या दीडशे वर्षांच्या परंपरेत ते अन्न नव्हतं. किन्हीराजासारख्या गावात वेगवेगळ्या जातींची, धर्मांची घरं असतात, वाशिम जिल्हाभर बंजारा तांडे आहेत, आणि प्रत्येक घराचं वाटण, मीठ-मिरचीचं प्रमाण, सणाचं ताट वेगळं असतं. पर्यटनाच्या नावाखाली त्यातलं एकच ताट 'पारंपरिक' म्हणून पुढे आलं तर आपण जुनाच भेद नव्या पाटीखाली चालवू. आणि त्याहून बोचरी गोष्ट अशी. आपल्याकडे स्वयंपाकघर ही घरातली सर्वांत बंद जागा होती. ओसरीवर बसता येई, चुलीपर्यंत जाता येत नसे, आणि कोण कुठपर्यंत जाईल हे जात ठरवत असे. महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, त्याला दीडशे वर्षं उलटून गेली तरी चुलीपाशी सगळे सारखे, असं कुठल्याही गावाने छातीठोकपणे सांगावं अशी स्थिती नाही. अशा घरात पैसे देणारा परका माणूस थेट ओट्याशी उभा राहिला आणि पलीकडच्या वस्तीतली शेजारीण मात्र उंबऱ्याबाहेरच राहिली, तर ते मला मान्य नाही. म्हणून शिकवणारणींच्या गटात सगळ्या वस्त्यांतल्या बायका असाव्यात, पाहुण्यांना वेगवेगळ्या घरी नेलं जावं, आणि आळीपाळीने एकमेकींच्या ओट्यावर शिकवलं जावं. हे जमलं तर पर्यटनाच्या पैशांपेक्षा मोठं काम गावात झालेलं असेल. जमणार नसेल तर हा उपक्रम सुरूच करू नये, इतकं माझं मत ठाम आहे.

तिसरा आक्षेप सोपा: किन्हीराजाला येणार कोण? परदेशी पाहुण्यांच्या रांगा लागतील अशी आशा कोणी दाखवू नये. पण पुण्या-मुंबईत वाढलेली विदर्भातल्याच घरांतली पिढी, अमेरिकेतून सुट्टीला आलेली नातवंडं, लोणार बघून परतणारे, पोहरादेवी-शिरपूर-कारंज्याला निघालेले, यांतले महिन्याला दहा-बारा जण वळले तरी पुरे. यासाठी हॉटेल बांधायचं नाही, बस घ्यायची नाही. गुंतवणूक इतकी थोडी, की अपयश आलं तरी कोणी कर्जात बुडत नाही, आणि विदर्भात ही बाब फार महत्त्वाची आहे. कोणी म्हणेल, तीन तासांत शिकणार काय, हा तर देखावा झाला. तीन तासांत भाकर येत नाही, कबूल. पण आपल्या हातची तिसरी भाकरही परातीतच फाटली की शेजारी बसलेल्या बाईकडे पाहण्याची नजर बदलते. कोथिंबिरीला इथे सांबार म्हणतात हे कळलं, तुरीची डाळ शिजताना आत काय पडलं आणि का पडलं हे विचारलं, तर पाहुण्याला त्या बाईशी बोलायला विषय मिळतो. ढाब्यावर पाहुण्यासमोर फक्त ताट येतं, ते रांधणारी बाई आतच राहते. मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला २०१० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली तेव्हा मिचोआकान प्रांताचा दाखला पुढे केला गेला, आणि तिथल्या गावोगावच्या स्वयंपाकिणी त्या दाखल्याच्या मध्यभागी होत्या. पाककृतींपेक्षा त्या करणाऱ्या बायकांच्या गटांना, त्यांच्या रोजच्या आणि सणाच्या कामाला मान मिळाला. आपल्याकडे महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे, 'उमेद' अभियानाचे बचतगट गावोगाव आहेत. बायकांना एकत्र आणणारी यंत्रणा तयार आहे. तिने पापड-लोणच्यांच्या प्रदर्शनांपलीकडे पाहावं. पापडाची किंमत दुकानातल्या पापडाशी लावली जाते आणि घरगुती गट त्यात हरतो. शिकवणीची किंमत लावायला शेजारी दुसरं दुकानच नाही.

किन्हीराजाच्या ग्रामसभेने पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि त्या बैठकीत बायकांना आधी बोलू द्यावं. कोण शिकवणार, काय शिकवणार, कोणत्या महिन्यांत शेतीच्या कामामुळे शिकवणी बंद ठेवायची, हे त्यांनी ठरवावं. पैसे शिकवणारीच्या बँक खात्यात जावेत, घरच्या कर्त्याच्या नाही. आणि चियांग माईत शुल्क विचारून, मोजून, आभार मानून परतणाऱ्या मराठी प्रवाशाला एक विनंती आहे. वऱ्हाडातल्या एखाद्या घरी भाकर शिकायला गेलात तर दर तिलाच विचारा, नवऱ्याला किंवा सरपंचाला नको, आणि तिने सांगितलेला आकडा कमी करायला सांगू नका.